ग्रीक अक्षरांवरची चिन्हे संगणकावर कायम राहतील अशी कशी लिहावीत?

अक्षरजुळणी_अचलपूर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. अचलपूर तालुक्यातील एका गावात माझे अक्षरजुळणीचे छोटे केंद्र आहे. एरवी माझ्याकडे लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे अर्ज आणि क्वचित एखादी कवितासंग्रहाची पुस्तिका असे काम येते. सध्या हातात असलेले काम मात्र वेगळे आहे. आमच्या भागातील एका मंडळीचे निवृत्त पाळक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातील पहिल्या अध्यायावर मराठीत सविस्तर विवेचन लिहिले आहे. जिथे एखाद्या शब्दाची चर्चा आहे तिथे त्यांनी मूळ ग्रीक शब्द ग्रीक लिपीतच दिला आहे. हस्तलिखितात हे शब्द निळ्या शाईने, अक्षराच्या वरचे आणि खालचे प्रत्येक चिन्ह जिथल्या तिथे ठेवून, इतक्या निगुतीने काढले आहेत की छापील पुस्तकात ते तसेच उतरावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की 'लोगोस' हा शब्द पुस्तकात कितीतरी ठिकाणी आहे आणि पडद्यावर तो सगळीकडे तंतोतंत सारखा दिसतो, पण शोध घेतला की वर्ड त्यातले काहीच शब्द दाखवतो आणि बाकीचे जणू अस्तित्वातच नाहीत असे वागतो. दुसरी अशी की 'आर्खे' या शब्दातील शेवटच्या अक्षरावरचे नागमोडी चिन्ह काही पानांवर उजवीकडे सरकलेले दिसते, आणि अमरावतीच्या छापखान्यात तीच फाइल उघडल्यावर तेथे चौकोन उमटले. तिसरी अडचण शब्दसूचीची आहे. माझ्या भाच्याने एका लहानशा प्रोग्रामने सूची लावून दिली, तर 'लोगोस' तीनदा आला, आणि अल्फाने सुरू होणारा 'आर्खे' हा शब्द 'खारिस'च्याही खाली, अगदी शेवटी जाऊन बसला.

मजकूर एका जागेहून आलेला नाही हेही सांगतो. काही शब्द गुरुजींच्या मुलाने फोनवरून पाठवले, काही निरनिराळ्या संकेतस्थळांवरून उचलले आहेत आणि काही मी वर्डच्या चिन्हांच्या तक्त्यातून एकेक करून बसवले आहेत. या मंचावर ग्रीक अक्षरे नीट उमटत नाहीत, म्हणून सगळ्यांनी अक्षरांची नावे देवनागरीत लिहिली तर बरे होईल.

युनिकोड_वर्धा

भाऊ, तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या अडचणीचे मूळ एकच आहे, आणि ते समजले की पुढचे काम कष्टाचे असले तरी सरळ आहे. पडद्यावर दिसते ती आकृती असते. संगणक साठवतो तो संकेतांक असतो. एकाच आकृतीमागे निरनिराळे संकेतांक असू शकतात, आणि ग्रीकच्या बाबतीत तर हे हमखास घडते.

'लोगोस'मधील पहिला ओमिक्रॉन, म्हणजे ग्रीक 'ओ', घ्या, ज्याच्यावर तिरपी रेघ आहे. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तीन प्रकारे लिहिता येतो. आधुनिक ग्रीकसाठी असलेल्या मूळ विभागात 'टोनोससह ओमिक्रॉन' (टोनोस म्हणजे आधुनिक ग्रीकची आघाताची रेघ) असे एक तयार अक्षर आहे, ज्याचा संकेतांक ०३सीसी. प्राचीन ग्रीकसाठी १९९३ साली युनिकोडच्या १.१ आवृत्तीत जो विस्तारित विभाग जोडला गेला, त्यात 'ऑक्सियासह ओमिक्रॉन' (ऑक्सिया म्हणजे प्राचीन ग्रीकची चढती रेघ) असे दुसरे तयार अक्षर आहे, ज्याचा संकेतांक १एफ७९. आणि तिसरा प्रकार म्हणजे साधा ओमिक्रॉन लिहून त्यापुढे ०३०१ या क्रमांकाचे जोडचिन्ह देणे, जे आपोआप आधीच्या अक्षराच्या डोक्यावर चढते. चांगल्या फॉन्टमध्ये या तिन्हींत डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही, पण साधा शोध घेणारा किंवा साधी सूची लावणारा प्रोग्राम त्यांना तीन वेगळे शब्द मानतो. तुमच्या सूचीत 'लोगोस' तीनदा येण्याचे कारण बहुधा हेच असावे.

खात्री करून घेणे सोपे आहे. वर्डमध्ये त्या अक्षराच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवा, ऑल्ट कळ दाबून धरा आणि एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा संकेतांक दिसेल, आणि तीच कळजोडी पुन्हा दाबली की अक्षर परत येईल. जिथे ०३सीसी आले तिथे पहिला प्रकार आहे, १एफ७९ आले तिथे दुसरा, आणि ०३०१ आले तिथे जोडचिन्हाचा. एखाद्या जागी यांपैकी काहीच न येता ००एफ३ आले, तर तिथे ग्रीक अक्षर नसून रोमन 'ओ'वर रेघ असलेले अक्षर आहे. ते पुसून नव्यानेच लिहावे लागेल, कारण कोणताही प्रोग्राम ते ग्रीक समजून दुरुस्त करणार नाही.

टोनोस आणि ऑक्सिया यांसाठी दोन निराळी अक्षरे का ठेवली, असा प्रश्न कुणालाही पडेल. सुरुवातीच्या आराखड्यात ही दोन चिन्हे वेगळी मानली गेली होती. पुढे युनिकोडने ती एकच असल्याचे मान्य केले, आणि ऑक्सियाची तयार अक्षरे टोनोसच्या अक्षरांशी पूर्णपणे समतुल्य ठरवली. जुने मजकूर मोडू नयेत म्हणून आधीचे संकेतांक मात्र काढले नाहीत. त्यामुळे आजही काही कळफलक आणि काही संकेतस्थळे ऑक्सियाची अक्षरे देतात, तर काही टोनोसची.

यावरचा उपाय युनिकोडमध्येच ठरवून दिलेला आहे. त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात, आणि त्याचा जो प्रकार तुम्हाला हवा आहे त्याचे नाव एनएफसी. एनएफसी केले की वरचे तिन्ही प्रकार ०३सीसी या एकाच तयार अक्षरात येतात. विंडोजवर बेबलपॅड नावाचा मोफत संपादक आहे, त्यात मजकूर चिकटवून हे रूपांतर करता येते. भाचा प्रोग्राम लिहितो असे तुम्ही म्हटले आहे. त्याला पायथन येत असेल तर त्यातील युनिकोडडेटा या मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइझ हे फंक्शन तयारच आहे, आणि सूची लावण्याआधी एका ओळीत काम होते.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. एनएफसीच्या जवळपास राहणारा एनएफकेसी नावाचा दुसरा प्रकार आहे, तो पुस्तकाच्या मजकुरावर चालवू नका. तो समतुल्य अक्षरांपुरता थांबत नाही, तर केवळ सारखे वाटणारे घटकही बदलून टाकतो. वर लिहिलेला लहान दोनाचा आकडा, जो तुम्ही तळटीपेसाठी वापरला असण्याची शक्यता आहे, तो साधा दोन होऊन ओळीत येऊन बसेल.

वाचक_मोर्शी

विषयाला धरूनच एक वेगळा विचार मांडतो. हे पुस्तक आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळींसाठी आहे आणि त्यांतील बहुतेक वाचकांना ग्रीक लिपी येत नाही. मग इतकी चिन्हे सांभाळण्याचा आग्रह कशासाठी धरावा? एक तर शब्द केवळ देवनागरीत द्यावेत, किंवा ग्रीक अक्षरे ठेवून चिन्हे गाळावीत. खुद्द ग्रीस देशाने १९८२ साली अनेक चिन्हांची पद्धत सोडून एकाच आघातचिन्हाची पद्धत शासकीय पातळीवर स्वीकारली. नव्या कराराची सर्वांत जुनी हस्तलिखितेही मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता आणि बहुतांशी अशा चिन्हांवाचून लिहिलेली आहेत. चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखित हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. जी चिन्हे मूळ लेखकांनी लिहिलीच नव्हती, ती गाळल्याने पवित्र शास्त्राचा काही अवमान होतो असे मला वाटत नाही, आणि गरीब छापखान्याची अडचणही दूर होते.

ग्रीक_शिकणारी_दारव्हा

मोर्शीच्या दादांनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या मंडळीत आम्ही काही जण दर आठवड्याला एकत्र बसून नव्या कराराचे ग्रीक वाचतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

ही चिन्हे मूळ लेखकांच्या हातची नाहीत हे खरे आहे. परंपरा त्यांचे श्रेय अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख असलेल्या बायझँटियमच्या अरिस्टोफनीस या विद्वानाला देते, आणि तो इ. स. पूर्व २०० च्या सुमाराचा आहे. ग्रीक ज्यांची मातृभाषा नव्हती अशांना उच्चार कळावा हा त्यामागचा एक हेतू मानला जातो. म्हणजे ही चिन्हे खरे तर आपल्यासारख्यांसाठीच आहेत. ज्याला भाषा जन्मजात येते तो चिन्हांवाचून वाचू शकतो. गावात बसून कोशाच्या आधाराने शिकणाऱ्याला चिन्ह गेले की शब्दच हरवतो.

गुरुजींच्याच अध्यायातले उदाहरण देते. योहान १:२५ मध्ये परूश्यांनी पाठवलेले लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात की तू ख्रिस्त नाहीस तर बाप्तिस्मा का करतोस. मूळ वाक्यात एप्सिलॉन आणि आयोटा या दोन अक्षरांचा शब्द दोनदा आला आहे. पहिल्या ठिकाणी आयोटावर फक्त सौम्य श्वासचिन्ह (सुरुवातीच्या स्वरात 'ह' नाही हे दाखवणारे चिन्ह) आहे आणि त्याचा अर्थ 'जर' असा होतो. दुसऱ्या ठिकाणी त्याच श्वासचिन्हावर नागमोडी आघातचिन्ह आहे आणि त्याचा अर्थ 'तू आहेस' असा होतो. चिन्हे काढली की एकाच वाक्यात दोन शब्द अगदी एकसारखे होतात आणि विवेचन वाचणाऱ्याला गुरुजी कोणत्या शब्दाविषयी बोलत आहेत हे कळण्याचा मार्ग उरत नाही. एकाच अक्षराचा 'एटा' तर याहून अवघड आहे: त्याच्यावर काय आहे यानुसार तो स्त्रीलिंगी निर्देशक उपपद होतो, 'किंवा' होतो अथवा 'जी' असे संबंधी सर्वनाम होतो.

आधुनिक ग्रीकच्या एकाच चिन्हाच्या पद्धतीने प्राचीन मजकूर लिहावा का, यावर माझे मत स्पष्ट आहे. आजची ग्रीक वर्तमानपत्रे त्या पद्धतीने छापली जातात आणि ते योग्यच आहे. नव्या कराराचा ग्रीक मजकूर मात्र जगभरातील अभ्यासाच्या आवृत्त्यांत आणि कोशांत सर्व चिन्हांसह छापला जातो, आणि आपला वाचक पुढे कोश उघडणार असेल तर पुस्तकातील शब्द कोशातील शब्दाशी जुळला पाहिजे. ज्याला लिपी येत नाही त्याच्यासाठी ग्रीक शब्दाशेजारी देवनागरी उच्चार द्यावा. दोन्ही एकत्र सुखाने राहू शकतात.

अचलपूरच्या भाऊंना एक गोष्ट सांगायची राहिली. युनिकोडची सगळी सफाई केल्यावरही काही शब्द शोधात सापडणार नाहीत आणि तो दोष नसेल. योहान १:१ मध्येच 'थेओस' या शब्दाची दोन रूपे पाहा. स्वल्पविरामाच्या आधी आलेल्या 'थेऑन'मधील ओमिक्रॉनवर उजवीकडे चढणारी रेघ आहे, तर पुढे 'थेओस' वाक्याच्या मध्ये आला आहे तिथे तीच रेघ उलट, डावीकडून उजवीकडे उतरणारी आहे. शब्दाच्या शेवटच्या अवयवावरचा चढता आघात पुढे लगेच दुसरा शब्द आला की उतरता लिहायचा, असा नियम आहे. म्हणून कोणीही 'सगळीकडे सारखे करून टाकू' अशा भावनेने उतरत्या रेघा चढत्या करू नयेत. प्रश्नार्थक 'तीस', म्हणजे 'कोण', हा मात्र या नियमाला अपवाद आहे. १:१९ मध्ये याजक आणि लेवी 'तू कोण आहेस' असे विचारतात तिथे तो वाक्याच्या मध्ये असूनही त्याची रेघ चढतीच राहते. मुद्रितशोधनाला बसाल तेव्हा गुरुजींना शेजारी बसवा, कारण हे नजरेने ठरवण्याचे काम नाही.

वाचक_मोर्शी

ताई, १:२५ चे उदाहरण माझ्या ध्यानात आले नव्हते. दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत म्हटल्यावर चिन्हे गाळण्याची माझी सूचना या पुस्तकाला लागू पडत नाही. देवनागरी उच्चार शेजारी द्यावा या म्हणण्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि तो तळटीपेत न देता शब्दालगतच द्यावा अशी विनंती आहे.

छपाई_कारंजा

मी वाशिम जिल्ह्यात छपाईपूर्व काम करतो, म्हणून दुसऱ्या अडचणीबद्दल लिहितो. सरकलेले चिन्ह आणि चौकोन या दोन्ही गोष्टी फॉन्टच्या आहेत, पण कारणे निराळी आहेत.

चौकोन येतो तेव्हा त्या संगणकावरील फॉन्टमध्ये ते अक्षरच नसते. मंगल किंवा कोकिळा यांसारखे देवनागरी फॉन्ट ग्रीकसाठी बनवलेले नाहीत. तुमच्या संगणकावर विंडोज गुपचूप दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून अक्षर आणून दाखवते, त्यामुळे तुम्हाला सगळे आलबेल वाटते. छापखान्याच्या संगणकावर तो दुसरा फॉन्ट नसला की चौकोन उमटतो. म्हणून ग्रीक शब्दांना फॉन्ट स्वतः नेमून द्यावा. जेंटियम हा एसआयएल संस्थेचा मोफत फॉन्ट यासाठी उत्तम आहे, ग्रीक फॉन्ट सोसायटीचा जीएफएस डिडो सुद्धा मोफत आहे, आणि विंडोजसोबत येणाऱ्या पॅलाटिनो लिनोटाइपमध्येही प्राचीन ग्रीकची सगळी अक्षरे आहेत. वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि ग्रीक व रोमन अक्षरांचा फॉन्ट स्वतंत्रपणे नोंदवतो, त्यामुळे केवळ ग्रीक शब्दांसाठी एक अक्षरशैली तयार करा, तिच्यात फॉन्ट आणि भाषा ग्रीक अशी ठरवा आणि प्रत्येक ग्रीक शब्दाला ती लावा. पुढे आकार वाढवायचा झाला तर एका जागी बदल केला की पुरतो, आणि ग्रीक अक्षरे देवनागरीच्या मानाने लहान दिसतात म्हणून तो बदल करावा लागतोच.

चिन्ह सरकते तेव्हा फॉन्टमध्ये अक्षर असते, जोडचिन्हही असते, पण दोन्ही कुठे जुळवायची याची माहिती नसते. 'आर्खे'चा शेवटचा एटा हे याचे नमुनेदार उदाहरण आहे, कारण पहिल्या वचनात त्याच्या डोक्यावर नागमोडी आघात आणि पायाशी बारीक आयोटा अशी दोन चिन्हे आहेत. हे सगळे मिळून एक तयार अक्षर युनिकोडमध्ये आहे, संकेतांक १एफसी७. तुमच्याकडे काही ठिकाणी ते एटा, मग ०३४२, मग ०३४५ अशा तीन तुकड्यांत असणार. वर्ध्याच्या भाऊंनी सांगितलेले एनएफसी केले की तयार अक्षर येईल आणि चिन्ह हलणार नाही. मात्र कोणी नागमोडी आघाताच्या जागी ०३०३ हे टिल्डचे जोडचिन्ह वापरले असेल तर एनएफसी ते जोडणार नाही, कारण दिसायला सारखे असले तरी ते ग्रीकचे पेरिस्पोमेनी, म्हणजे नागमोडी आघातचिन्ह, नाही. तसे आढळले तर ०३०३ शोधून ०३४२ घाला आणि मग एनएफसी करा.

चिन्हांचा क्रमही जपावा लागतो. आधी अक्षर, मग श्वासचिन्ह, मग आघात, शेवटी पायाचा आयोटा. आयोटा मध्येच आला असेल तर नॉर्मलायझेशन त्याला योग्य जागी नेते, पण श्वासचिन्ह आणि आघात यांची अदलाबदल झाली असेल तर ती तशीच राहते, कारण दोन्ही वरची चिन्हे असल्याने त्यांचा क्रम अर्थपूर्ण धरला जातो. कळफलकावर मात्र उलटे आहे: विंडोजच्या ग्रीक कळफलकांवर आधी चिन्हाची कळ दाबायची आणि मग स्वराची. देवनागरी टाइप करणाऱ्या हाताला हे चटकन जमत नाही, कारण आपण अक्षरानंतर मात्रा देतो. 'ग्रीक पॉलिटॉनिक' हा कळफलक विंडोजमध्ये जोडून घ्या आणि पडद्यावरचा कळफलक उघडा ठेवून काम करा. नुसता 'ग्रीक' कळफलक आधुनिक ग्रीकसाठी आहे, त्यावर श्वासचिन्हे मिळत नाहीत. शब्दाच्या शेवटी येणारा शेपटीचा सिग्मा हा वेगळा संकेतांक आहे, ०३सी२, आणि तो आधुनिक कळफलकावर डब्ल्यूच्या जागी असतो. मधल्या सिग्माला फॉन्ट बदलून शेपटी देण्याचा खटाटोप करू नये.

छापखान्याला वर्डची फाइल न देता पीडीएफ द्या आणि त्यात सगळे फॉन्ट अंतर्भूत आहेत ना हे पीडीएफच्या गुणधर्मांत तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत आजही पेजमेकर हे पानजुळणीचे जुने सॉफ्टवेअर वापरतात आणि त्याला युनिकोड कळत नाही. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांची रांग दिसते, हा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे. जुन्या ग्रीक फॉन्टचेही तेच होते. त्यांच्यातही रोमन अक्षरांनाच ग्रीक मुखवटा चढवलेला असे. कोणी सांगितले की सिम्बॉल फॉन्टमध्ये ग्रीक करून देतो, तर नम्रपणे नकार द्या, कारण त्यात चिन्हांकित अक्षरे मुळातच नाहीत.

अक्षरजुळणी_अचलपूर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनापासून आभार. ऑल्ट आणि एक्सची कळजोडी वापरून पाहिली. फोनवरून आलेल्या 'लोगोस'मध्ये ०३सीसी निघाले, संकेतस्थळावरून घेतलेल्यांत १एफ७९, आणि चिन्हांच्या तक्त्यातून बसवलेल्यांत ०३०१. एनएफसी केल्यावर सूचीत 'लोगोस' एकदाच आला. जेंटियम लावल्यावर एटावरचे चिन्हही स्थिर झाले. गुरुजींना १:२५ विषयीचे ताईंचे म्हणणे वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी त्या वचनावर स्वतंत्र परिच्छेद लिहायला घेतला आहे.

दोन गोष्टी अजून उरल्या आहेत. सूचीत 'आर्खे' अजूनही शेवटीच जातो. शिवाय पहिल्या वचनाचा आरंभ ज्या 'एन' शब्दाने होतो त्यातील मोठ्या एप्सिलॉनचे श्वासचिन्ह अक्षराच्या वर नसून डावीकडे आहे. ते मी आधी साधे अवतरणचिन्ह देऊन लिहावे का?

युनिकोड_वर्धा

साधे अवतरणचिन्ह देऊ नका. मोठ्या स्वराचे चिन्ह डावीकडे दिसते हा केवळ मांडणीचा संकेत आहे. साठवताना तेही त्या अक्षराचाच भाग असते. सौम्य श्वासचिन्हासह मोठा एप्सिलॉन असे तयार अक्षर १एफ१८ या क्रमांकावर आहे, तेच वापरा. अवतरणचिन्ह आणि त्यापुढे मोठा एप्सिलॉन असे लिहिले तर शोधात तो शब्द 'एन' म्हणून सापडणार नाही, ओळ संपताना चिन्ह एका ओळीत आणि अक्षर दुसऱ्या ओळीत जाण्याचा धोका राहील, आणि ते अक्षर चुकून रोमन ई असेल तर तेही कळणार नाही. शीर्षकात सगळी अक्षरे मोठी हवी असतील तर वर्डच्या बटणावर विसंबू नका. पूर्ण मोठ्या अक्षरांत ग्रीकमध्ये श्वासचिन्हे आणि आघात लिहीत नाहीत, आणि पायाचा आयोटा काही वेळा पूर्ण आकाराचा होऊन ओळीत येतो, तेव्हा अशी शीर्षके हातानेच लिहून गुरुजींकडून तपासून घ्यावीत.

सूचीचे कारण असे आहे की भाच्याचा प्रोग्राम संकेतांकाच्या चढत्या क्रमाने शब्द लावतो. साधा ओमेगा ०३सी९ वर आहे, तर श्वासचिन्हासह अल्फा १एफ०० वर, म्हणजे सगळ्या साध्या अक्षरांच्या नंतर. श्वासचिन्हाने सुरू होणारा प्रत्येक शब्द त्यामुळे शेवटी जाणार. यासाठी प्रत्येक शब्दाची एक बिनचिन्हांची प्रत केवळ क्रम लावण्यापुरती तयार करावी. मजकूर एनएफडी या रूपात आणला की प्रत्येक चिन्ह अक्षरापासून सुटे होते. ती सुटी चिन्हे गाळावीत, शेपटीचा सिग्मा साध्या सिग्मात बदलावा, सर्व अक्षरे लहान करावीत आणि या प्रतीवरून क्रम लावून छापताना मात्र मूळ शब्दच छापावा. 'थेऑन' आणि 'थेओस' ही एकाच शब्दाची रूपे एका नोंदीखाली आणणे प्रोग्रामला जमणार नाही. ती मूळ रूपे गुरुजींनी सांगावीत आणि तुम्ही वेगळ्या रकान्यात भरावीत.

हे करत असतानाच मराठी सूचीही तपासा. 'ऱ' हे अक्षर एका संकेतांकाने लिहिलेले असो वा 'र' आणि नुक्ता मिळून, एनएफसी त्यांना एक करते. 'ॲ'च्या बाबतीत मात्र तसे होत नाही. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला, आणि त्याआधीच्या सवयीने 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेले 'अॅ' हे त्याच्याशी समतुल्य ठरवलेले नाही. दोन्ही सारखे दिसतात, पण तुमच्या सूचीत वेगवेगळ्या जागी जातील. ती अदलाबदल शोधा आणि बदला या सोयीनेच करावी लागेल.

ग्रीक_शिकणारी_दारव्हा

एक छोटी भर घालते. १:३ मध्ये 'दिया' या शब्दाचा शेवटचा स्वर गळून 'दि' उरतो आणि तिथे लोपचिन्ह येते. ते चिन्ह दिसायला सौम्य श्वासचिन्हासारखेच असते, म्हणून काही जण ०३१३ हे जोडचिन्ह टाकतात आणि मग ते आयोटाच्या डोक्यावर चढून बसते. तिथे २०१९ हे वळणदार अवतरणचिन्ह द्यावे. १:१९ च्या शेवटी जे प्रश्नचिन्ह आहे ते ग्रीकमध्ये आपल्या अर्धविरामासारखे दिसते. त्याचा वेगळा संकेतांक ०३७ई असला तरी एनएफसी केल्यावर त्याचा साधा अर्धविराम होतो, तेव्हा सुरुवातीपासून साधा अर्धविरामच वापरला तर चालतो. मुद्रितशोधन करणाऱ्याला तसे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो प्रश्न समजून न घेता अर्धविरामाच्या जागी आपले प्रश्नचिन्ह घालील. आणि शक्य असेल तिथे शब्द नव्याने टाइप करण्याऐवजी मायकल होम्स यांनी संपादित केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एसबीएल ग्रीक नव्या करारातून घ्यावेत; तो मजकूर युनिकोडमध्ये मोफत मिळतो, आणि गुरुजींच्या वहीशी ताडून पाहायलाही उपयोगी पडेल.